पहिला शोधनिबंध पाठवण्याआधी: नाशिकच्या नव्या संशोधकांसाठी

माझ्या पहिल्या छापील शोधनिबंधातल्या तक्ता क्रमांक ३ मध्ये टक्क्यांची बेरीज १०८ होते. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या द्राक्ष बागायतदारांनी कर्ज कुठून घेतलं, त्याचा तो तक्ता. बँक, सोसायटी, सावकार, नातेवाईक आणि औषध दुकानदाराची उधारी असे पाच रकाने. काही शेतकऱ्यांनी दोन ठिकाणांहून पैसे उचलले होते. त्यांना मी दोनदा मोजलं आणि तशी तळटीप द्यायची राहिली. ज्या जर्नलने तो निबंध छापला, त्यांनी ‘आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांकडून समीक्षा पूर्ण’ असं पत्र मला दोन दिवसांत पाठवलं होतं. १,८०० रुपये भरले, आठवड्याभरात अंक आला, सोबत रंगीत प्रमाणपत्र. तक्ता कोणीच वाचला नव्हता.

चूक कळली ती वर्षभराने, वर्गात तोच तक्ता फळ्यावर लिहिताना. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने वहीत बेरीज केली आणि हात वर केला, “मॅडम, हे शंभरच्या वर जातंय.” दुरुस्ती छापा म्हणून मी जर्नलला सहा ईमेल पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही. पुढे त्यांचं संकेतस्थळच बंद पडलं. तीच आकडेवारी नवी म्हणून दुसरीकडे देता येईना, कारण ती एकदा प्रसिद्ध झालेली होती. तीन हंगाम बागाबागांतून फिरून जमवलेली माहिती अशी हातची गेली.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ या दोन्हींची मुख्यालयं आपल्या शहरात आहेत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयंही भरपूर आहेत. त्यामुळे दरवर्षी नाशिकमध्ये पहिला पेपर लिहिणारे खूप जण असतात. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा विषय विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१९ च्या अखेरीस सक्तीचा केला. सगळे तो उत्तीर्ण होतात. तरी प्रत्यक्ष पेपर पाठवताना हात अडतो, कारण परीक्षेत विचारतात व्याख्या आणि इथे समोर असतात आपले गाईड, आपले सहकारी आणि आपली घाई.

१. माहिती गोळा करण्याआधी संमती घ्या

नीतिमत्ता म्हटलं की कॉपी-पेस्ट आठवतं. पण पहिली जबाबदारी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, ज्यांच्याकडून माहिती घेणार त्या माणसांपासून.

वैद्यकीय, नर्सिंग, आयुर्वेद, फार्मसी या शाखांमध्ये असाल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ साली जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली ती एकदा पूर्ण वाचा. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी झालेली असली पाहिजे. ‘आधी काम उरकू, मंजुरी नंतर घेऊ’ हे चालत नाही. चांगलं जर्नल मंजुरीचा क्रमांक आणि तारीख दोन्ही मागतं, आणि मंजुरीची तारीख माहिती गोळा केल्याच्या नंतरची दिसली तर निबंध तिथेच परत येतो.

सामाजिक शास्त्रांतल्या मंडळींना वाटतं, आपण रक्त घेत नाही, औषध देत नाही, मग आपल्याला कशाला समिती? मलाही तसंच वाटायचं. निफाड तालुक्यात एका बागेच्या कडेला, रिकाम्या क्रेटवर बसून एका ताईंची मुलाखत घेतली होती. नवरा गेल्यावर तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं एकट्या सांभाळत होत्या. सावकाराचं कर्ज त्यांनी दिरालाही सांगितलं नव्हतं. उठताना त्यांनी विचारलं, “माझं नाव नाही ना छापणार?” मी नाही म्हटलं आणि खरंच नाव छापलं नाही. पण मसुद्यात मी लिहून गेले होते: गावाचं नाव, विधवा, तीन एकर, थॉमसन. शे-सव्वाशे उंबऱ्यांच्या त्या गावात एवढ्या वर्णनावर पोरानेही घर दाखवलं असतं. पाठवण्याच्या आदल्या रात्री ते माझ्या लक्षात आलं. गाव काढलं, क्षेत्रफळ ‘पाच एकरांपेक्षा कमी’ असं केलं. नाव झाकलं म्हणजे ओळख झाकली असं होत नाही. गावातल्या माणसाच्या नजरेने मसुदा एकदा वाचून बघा.

संमतीपत्र मराठीत करा, मोठ्याने वाचून दाखवा आणि ‘मध्येच थांबलात तरी चालेल’ हे वाक्य त्यात असू द्या. तुमच्या महाविद्यालयात एथिक्स कमिटी नसेल तर संशोधन समितीकडे किंवा प्राचार्यांकडे अर्ज करून लेखी परवानगी घ्या. आश्रमशाळेतली मुलं, हॉस्टेलच्या मुली, कंपनीतले कंत्राटी कामगार यांच्यावर अभ्यास असेल तर जास्तच जपा. वॉर्डन किंवा सुपरवायझर शेजारी उभा असताना दिलेला होकार हा होकार नसतो. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती लागतेच, आणि मुलालाही विचारावं.

२. कोणाचं नाव, कितवं नाव: आधीच ठरवा

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही इथेच.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, लेखक कोणाला म्हणावं याच्या चार अटी सांगते. एक, कामाच्या आखणीत किंवा माहिती जमवण्यात, तिचं विश्लेषण करण्यात भरीव वाटा. दोन, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची वैचारिक दुरुस्ती करणं. तीन, छापण्याआधी अंतिम मसुद्याला मान्यता. चार, कामाच्या कुठल्याही भागाबद्दल प्रश्न आला तर उत्तर द्यायची तयारी. चारही पूर्ण व्हाव्या लागतात. अटी वैद्यकीय संपादकांनी केल्या असल्या तरी इतर शाखांनाही त्यांचा आधार घेता येतो.

यात ‘विभागप्रमुख आहेत’, ‘लॅबची किल्ली त्यांच्याकडे असते’, ‘फी त्यांनी भरली’ हे कुठेच बसत नाही. अशांचे आभार मानावेत, तेही त्यांना विचारून. उलट, ज्या एम.ए.च्या मुलाने उन्हातान्हात दीडशे मुलाखती घेतल्या आणि निष्कर्षांवर तुमच्याशी वाद घातला, त्याला मसुदा वाचायची आणि सुधारायची संधी द्या आणि त्याचं नाव लावा. संधीच द्यायची नाही आणि मग ‘त्याने लिहिलं नाही’ म्हणून नाव गाळायचं, हा अन्याय आहे.

नावांच्या क्रमावरून वाद का होतात, याचं एक कारण शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी पेपरला मिळणाऱ्या गुणांत आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. दोनाहून जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. पदोन्नतीची फाईल भरताना हा फरक जाणवतो. म्हणून काम सुरू होतानाच बोला. सरांशी हा विषय कसा काढायचा असं मुलं मला नेहमी विचारतात. मी सांगते, चहाच्या वेळी तोंडी काढू नका, साधा ईमेल लिहा: “सर, पेपरचं काम सुरू करतोय. आखणी आणि विश्लेषण मी करतो, पद्धतीचा भाग आणि दुरुस्ती आपण पाहाल असं धरलं आहे. नावांचा क्रम असा ठेवू का?” सर ‘ठीक’ एवढंच लिहितील, पण ते लिहिलेलं राहील. कामाचा वाटा मध्ये बदलला तर क्रमही पुन्हा बोलून बदला.

कोणी न विचारता तुमचं नाव त्याच्या पेपरवर टाकलं तर हरखून जाऊ नका. ज्या पेपरवर नाव, त्याच्या प्रत्येक ओळीला तुम्ही बांधलेले. आत उचलेगिरी निघाली तर ‘मी वाचलाच नव्हता’ हा बचाव ठरत नाही.

३. उसनं घेतलेलं उसनं म्हणून दाखवा

यूजीसीचे वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियम जुलै २०१८ मध्ये आले. दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेल्या साम्याचे चार स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. प्रसिद्ध झालेल्या पेपरसाठी शिक्षा वेगळी: १० ते ४० टक्क्यांना पेपर मागे घ्यायला सांगतात, ४० ते ६० टक्क्यांना त्याबरोबर एक वार्षिक वेतनवाढ आणि दोन वर्षं मार्गदर्शक होण्याचा हक्क जातो, ६० टक्क्यांच्या वर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार, योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्यांचे मजकूर, प्रमाणित सूत्रं मोजणीतून वगळतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य साम्यही धरत नाहीत.

या आकड्यांमुळे एक वाईट सवय लागली आहे. मुलं विचारतात, “मॅडम, ९ टक्के आलंय, चालेल ना?” ते ९ टक्के म्हणजे कुणाचा तरी अख्खा निष्कर्ष असेल तर चालणार नाही. आणि १८ टक्के आलेत ते प्रश्नावलीतली वाक्यं आणि योजनांची लांबलचक नावं जुळल्यामुळे, तर घाबरायचं कारण नाही, तसं स्पष्टीकरण लिहून द्या. सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवतं. चोरी झाली की नाही हे माणसाने अहवाल उघडून, रंगवलेली ओळ न् ओळ वाचून ठरवायचं असतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते.

पहिली, भाषांतर. इंग्रजी किंवा हिंदी लेखातला परिच्छेद मराठीत आणला आणि मूळ लेखकाचा उल्लेख केला नाही, तर ती चोरीच. सॉफ्टवेअरला बहुधा दिसत नाही, पण विषयातल्या माणसाला लगेच दिसते, कारण वाक्याची ठेवण परकी राहते. भाषांतर करून घेतलं असेल तर ‘भाषांतर प्रस्तुत लेखकाचे’ असं लिहून मूळ संदर्भ द्या.

दुसरी, फॉन्ट. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचा चिवडा असतो. तो तपासायला टाकला की साम्य शून्य येतं. काही जण हे जाणूनबुजून करतात. तुम्ही टायपिंग बाहेरून करून घेत असाल तर पहिल्याच दिवशी सांगा, युनिकोडमध्येच हवं. जुनी फाईल असेल तर ती आधी बदलून घ्या, मगच तपासा. तपासणी महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातूनच करून घ्या. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर मिळतं. बाहेरच्या फुकट संकेतस्थळांवर अप्रकाशित मसुदा टाकला की तो पुढे कुठे जातो हे आपल्या हातात राहत नाही.

स्वतःचं लिखाण पुन्हा वापरणं हीही अडचण आहे. प्रबंधातलं प्रकरण पेपर म्हणून देताना ‘हा निबंध माझ्या प्रबंधावर आधारित आहे’ ही ओळ द्या. एकाच सर्वेक्षणाचे चार तुकडे करून चार पेपर काढले, तर प्रत्येक तुकडा अर्धवट राहतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की चार वेगवेगळे अभ्यास झालेत.

एआयबद्दल रोज विचारणा होते. प्रकाशन नीतिमत्तेची समिती ‘कोप’ हिने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की असं साधन लेखक होऊ शकत नाही, कारण त्याला जबाबदारी घेता येत नाही. भाषा सुधारायला वापरलंत तर कुठलं साधन, कशासाठी, हे जर्नलच्या नियमाप्रमाणे नमूद करा. संदर्भ मात्र त्याच्याकडून कधीच घेऊ नका. परवा एका मुलाच्या मसुद्यात कांद्याच्या भावावरचे पाच संदर्भ होते, लेखक, वर्ष, खंड, पानं सगळं नीटनेटकं. शोधायला बसलो, तर त्यातले तीन अस्तित्वातच नव्हते. नियम सोपा ठेवा: जो संदर्भ उघडून वाचला, तोच सूचीत.

४. जर्नल निवडणं

इथे मी फसले, म्हणून इथे जरा थांबते.

पूर्वी ‘यादीत आहे का’ एवढंच विचारून भागायचं. यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढली, म्हणजे त्या यादीत काय काय शिरलं होतं बघा. मग २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली. तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातूनच चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचं यूजीसीने जाहीर केलं आणि जर्नल पारखण्याचे निकष सुचवून निवडीची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर सोपवली. त्यामुळे अजूनही जे जर्नल ‘केअर लिस्टेड’ म्हणून जाहिरात करतं, त्याच्याकडे सावधपणे पाहा. तुमच्या विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने स्वतःचे निकष ठरवलेत का, हे संशोधन विभागात लेखी विचारा. आणखी एक: पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही देशपातळीवरची सक्ती यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का ते पाहा. अनेक जण नसलेल्या सक्तीच्या भीतीने चुकीच्या दारात जातात.

मी आता जर्नल असं पारखते.

आधी त्याचे मागचे दोन अंक उघडून तीन निबंध पूर्ण वाचते. बाकी सगळ्या खुणांपेक्षा ही चाचणी खरी. एकाच अंकात द्राक्षावरचा रोग, संत साहित्य आणि जीएसटी एकत्र असेल, तर हे सगळं तपासणारे संपादक त्यांच्याकडे आहेत का, असा प्रश्न पडला पाहिजे.

मग संपादक मंडळातली दोन-तीन नावं घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जाते. तिथल्या पत्त्यावर विचारलं तर लोक उत्तर देतात. आपलं नाव अमुक जर्नलवर आहे हेच माहीत नसलेले प्राध्यापक मला भेटले आहेत.

आयएसएसएन म्हणजे आठ आकडी ओळखक्रमांक. गाडीला नंबर असतो तसा. त्याने गाडी चांगली ठरत नाही. जर्नलमधल्या निबंधांचा इतर जण सरासरी किती वेळा संदर्भ देतात, तो आकडा म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्येच असतो. मिळतीजुळती नावं देऊन भलतेच आकडे छापणारे बरेच आहेत. स्कोपस या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत असल्याचा दावा असेल तर स्कोपसच्याच स्रोतयादीत शोधा, जर्नलच्या पानावरच्या चित्रावर विसंबू नका. खुल्या जर्नलांसाठी डीओएजे ही निर्देशिका आहे. डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, १० या आकड्याने सुरू होतो. तो डीओआयच्या मुख्य संकेतस्थळावर टाकून निबंध उघडतो का बघा.

नक्कल केलेली जर्नलंही असतात. जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन उचलून कोणी दुसरंच संकेतस्थळ उभारतो. मराठी आणि संस्कृत नियतकालिकं यात सहज सापडतात, कारण मूळ संस्थेचं संकेतस्थळ बहुधा नसतंच. छापील अंक ग्रंथालयात काढून त्यावरचा पत्ता आणि फोन बघा, आणि तिथेच फोन करा. वाईचं ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ यांसारख्या नियतकालिकांचे जुने अंक चाळलेत तर संपादन म्हणजे काय, हे डोळ्यांना कळतं.

पैसे घेतात म्हणजे जर्नल खोटं, असं नाही. खुल्या प्रकाशनात नावाजलेली जर्नलंही शुल्क घेतात. शुल्क आधी जाहीर आहे का, आणि निर्णयाचा त्याच्याशी संबंध आहे का, हे पाहायचं. ‘४८ तासांत स्वीकृती, आज भरलेत तर सवलत’ असा संदेश व्हॉट्सॲपवर आला की समजा, समीक्षा होणार नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक बनावट निबंध ३०४ खुल्या जर्नलांना पाठवला. त्यांतल्या १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

आपल्याकडचा एक खास सापळा म्हणजे एकदिवसीय चर्चासत्राचा विशेषांक. नोंदणी शुल्कातच पेपर छापून मिळणार. सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण, संध्याकाळी दीडशे पेपरांचा जाडजूड अंक हातात. चर्चासत्राला जरूर जा, तिथे प्रश्न विचारले जातात, ओळखी होतात. पण तुमचं मुख्य काम त्या अंकात पूर्ण स्वरूपात देऊ नका. एकदा तिथे छापलं की चांगलं जर्नल ते ‘आधी प्रसिद्ध’ म्हणून नाकारेल. तिथे सारांशापुरतं द्या.

५. पाठवताना जवळ काय हवं

एकाच फोल्डरमध्ये हे जमवून ठेवा:

- नाव, संस्था, ईमेल आणि ऑर्किड क्रमांक असलेलं शीर्षकपान. ऑर्किड हा संशोधकाचा १६ अंकी क्रमांक, फुकट मिळतो, आजच काढा. नाव मराठीतून इंग्रजीत लिहिताना होणारे घोळ त्याने टळतात
- समीक्षकांसाठी, लेखकाची ओळख काढून टाकलेली मसुद्याची दुसरी फाईल. ‘मी माझ्या आधीच्या निबंधात’ असली वाक्यं आणि वर्ड फाईलच्या गुणधर्मांत राहिलेलं तुमचं नाव, दोन्ही काढा
- एथिक्स कमिटीचं किंवा प्राचार्यांचं परवानगीपत्र, आणि संमतीपत्राचा कोरा नमुना
- सगळ्या सहलेखकांची ईमेलवरची मान्यता
- दुसऱ्याचं छायाचित्र, नकाशा किंवा प्रश्नावली वापरली असेल तर तिची परवानगी
- साम्य तपासणीचा पूर्ण अहवाल, नुसतं पहिलं पान नको
- निधी कुठून आला आणि हितसंबंध काय, यांचं निवेदन
- मूळ आकडेवारीची फाईल, नावं काढलेली

हितसंबंधांबद्दल दोन शब्द. लॅन्सेटमध्ये १९९८ साली १२ मुलांवर आधारलेला एक निबंध आला, गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा. त्याच लशीविरुद्ध खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलाकडून मुख्य लेखकाला पैसे मिळत होते आणि हे त्याने निबंधात सांगितलं नव्हतं. निबंध मागे घेतला गेला २०१० मध्ये. मधल्या १२ वर्षांत किती आईबापांनी लस टाळली असेल. आपल्या पातळीवर हे असं दिसतं: ठिबक कंपनीच्या मदतीने सर्वेक्षण केलं आणि ठिबकचे फायदे लिहिले. मदत घेणं गैर नाही. ती एका ओळीत सांगितली की निष्कर्षाला किती वजन द्यायचं ते वाचणारा आपलं आपण ठरवतो.

आणि निबंध एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचा. सहा महिने उत्तर नाही आलं तर आठवण करा, मग लेखी माघार घ्या, माघारीची पोच मिळाली की दुसरीकडे पाठवा. तीन ठिकाणी एकदम टाकून ‘जो आधी घेईल त्याचा’ केलं, तर दोन ठिकाणच्या समीक्षकांचे दिवस वाया जातात. ते लोक हे काम बहुधा बिनपैशाने करतात.

६. शेरे आले की

पहिल्यांदा समीक्षकांचे लांबलचक शेरे येतात तेव्हा वाईट वाटतं. दोन दिवस फाईल बंद ठेवा. मग प्रत्येक शेऱ्याला क्रमांक देऊन खाली उत्तर लिहा: काय बदललं, कुठल्या पानावर. पटलं नाही तर कारण देऊन नम्रपणे नाही म्हणता येतं. आकडा बदलून, नकोशी उत्तरं वगळून निष्कर्ष ‘चांगला’ करायचा नाही, समीक्षकाने सुचवलं तरी. ‘माझे हे पाच निबंध संदर्भात घाला’ असं सुचवलं आणि ते विषयाशी संबंधित नसतील, तर संपादकाला तसं कळवा.

संपादकाकडूनही तुम्ही काही अपेक्षा धरू शकता: मसुदा गुप्त ठेवणं, समीक्षकाचा हितसंबंध तपासणं, नकाराचं कारण देणं, तक्रार ऐकणं. कोप ही समिती १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या संपादकांनी सुरू केली. कुठल्या प्रसंगी संपादकाने काय करायचं, याचे तिने केलेले तक्ते सगळ्यांना खुले आहेत. तुमचं जर्नल कोपचं सदस्य असेल आणि न्याय मिळत नसेल तर तिथे तक्रार करता येते.

७. छापून आल्यावर चूक सापडली तर

स्वतःहून सांगा, लगेच सांगा. आकड्याची, तक्त्याची चूक असेल तर दुरुस्तीपत्रक निघतं. निष्कर्षच उभा राहत नसेल तर निबंध मागे घ्यावा लागतो. प्रामाणिक चुकीसाठी मागे घेतलेल्या निबंधाची लाज बाळगायचं कारण नाही. त्यावर उभं राहून दुसरा कोणी चुकीचं काही बांधणार नाही, हे त्यातून साधतं.

माझ्या तिसऱ्या निबंधातही एक चूक निघाली, परिशिष्टात हेक्टर आणि एकर यांची गल्लत. या वेळी जर्नल नीट निवडलं होतं. संपादकांनी चार दिवसांत उत्तर दिलं, सगळ्या लेखकांची संमती मागितली आणि पुढच्या अंकात सहा ओळींची दुरुस्ती छापली. ते कात्रण लावूनच मी पदोन्नतीच्या फाईलमध्ये निबंध जोडला. समितीतल्या एका बाईंनी तेवढंच पान दोनदा वाचलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मूळ माहिती, भरलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींच्या ध्वनिफिती किमान पाच वर्षं सांभाळा, संस्थेचा नियम जास्त वर्षांचा असेल तर तेवढी. नाशिकच्या पावसात कागद दमट होतो. स्कॅन करून कुलूपबंद ठेवा, पेनड्राइव्ह वर्गाच्या टेबलावर सोडू नका.

८. तुमच्याकडे समीक्षेला निबंध आला तर

एक-दोन पेपर झाले की हेही येतं. विषय आपला नसेल तर नाही म्हणा. लेखक ओळखीचा असेल, त्याच्याशी भांडण असेल किंवा तुम्ही त्याच प्रश्नावर काम करत असाल, तर संपादकाला आधी कळवा. मसुदा मित्राला दाखवू नका, एआयच्या खिडकीत टाकू नका, त्यातली कल्पना आपल्या कामात घेऊ नका. शेरे माणसावर नको, मजकुरावर लिहा. तक्त्यांच्या बेरजा हाताने करून पाहा. आणि वेळ नसेल तर नकाराचा ईमेल आठवड्याच्या आत पाठवा, म्हणजे संपादकाला दुसरं कोणी शोधता येतं आणि तिकडे कुठेतरी वाट बघत बसलेल्या मुलाचे दोन महिने वाचतात.